अर्धी स्ट्रिप

माझ्या मेडिकलच्या काउंटरखाली, उजव्या हाताच्या खणात एक कात्री असते. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. दुकान टाकून सतरा वर्षं झाली. कात्र्या तीन बदलल्या, काम तेच. दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या, सहाच्या स्ट्रिपमधल्या दोन. "सध्या दोन दिवसांच्या द्या, गुण आला तर पुढच्या नेतो." गुण आला की माणूस परत येत नाही, आणि नाही आला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. उरलेल्या गोळ्या न्यायला कोणी आल्याचं मला फारसं आठवत नाही.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका रुग्णालयात, रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात, मी एकेचाळीस दिवस काढले. पेशंट माझी भाची. ताईची धाकटी, वय वीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष.

आधी तिला नुसता ताप येत होता. ताईनं फोन केला, मी ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या पाठवल्या. ताप उतरला. दहाबारा दिवसांनी पुन्हा आला, तेव्हा सिफिक्झिम पाठवलं. तेही दोन दिवसांचंच, कारण तिसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. मग हिरड्या सुजल्या, ब्रश केला की रक्त यायचं. दातांचंच असणार असं ठरवून मी सहाशे पंचवीसची, म्हणजे ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हची गोळी चालू केली. महिनाभरात तीन प्रतिजैविकं झाली, आणि साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या म्हणायचं मला सुचलं नाही. सणाला घरी आली तेव्हा तिच्या नडग्यांवर निळेजांभळे डाग दिसले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. संध्याकाळी लॅबवाल्यांनी स्वतः फोन केला. पांढऱ्या पेशी ८६ हजार, प्लेटलेट १९ हजार, आणि काचपट्टीवर ब्लास्ट, म्हणजे कच्च्या, बेलगाम वाढलेल्या पेशी. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया.

गोळ्यांमुळे कर्करोग होत नाही. डॉक्टरांनी मला हे दोनदा समजावून सांगितलं, आणि मला ते माहीतही होतं. पण महिना गेला तो गेलाच. ताई एकदा सहज म्हणाली, "तू दिलेल्या गोळ्यांनी उतरायचा की रे ताप." तिच्या बोलण्यात दोष नव्हता, विश्वास होता. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

उपचार सुरू झाले. सात दिवस सायटॅराबिन, त्यातले पहिले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन, ते लालभडक औषध. वॉर्डात त्याला 'सेव्हन प्लस थ्री' म्हणतात. खराब पेशी मारताना हे औषध चांगल्याही मारतं. हाडांतली, रक्त तयार करणारी मज्जा ओस पडते. निरोगी माणसाची मज्जा रोज दहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल तयार करते. या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर जगतात आणि तेवढ्यात जिवाणूंना गाठून संपवतात. भाचीच्या रिपोर्टवर एएनसीच्या, म्हणजे न्यूट्रोफिलच्या संख्येच्या रकान्यात दहाव्या दिवशी ४० आकडा आला. १,५०० च्या वर हवा होता.

वॉर्डात सगळे 'काउंट' म्हणतात. सकाळी डबा घेऊन आलेला बाप दुसऱ्या बापाला आधी विचारतो, "काउंट किती?" बाकीचं नंतर.

काउंट नसताना शरीर कसं गप्प होतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. सतरा वर्षं औषधं विकली, पण पू कशाचा होतो याचा कधी नीट विचार केला नव्हता. पू म्हणजे बव्हंशी मेलेले न्यूट्रोफिल. ते नसले की पू होत नाही, धड सूजही येत नाही. फुप्फुसात संसर्ग असून एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. सुईच्या जागी जेमतेम गुलाबी ठिपका असतो आणि आत रक्तात जिवाणू फिरत असतात. ताप ही एकच खूण उरते. म्हणून तिथे १००.४ ला सगळे धावतात. म्हणून पॅरासिटामॉल विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण त्यानं ती एकुलती खूणही पुसली जाते. माझ्या दुकानात न विचारता दिली जाणारी ही पहिली गोळी.

तिच्या आजीनं जेजुरीचा भंडारा आणला होता. सिस्टरनी हात जोडून सांगितलं, आजी, आत नको. फुलं नको, कच्चं काही नको, पाणी उकळलेलंच. आजीनं दाराच्या चौकटीला बाहेरून भंडारा लावला, तीच बोटं पदराला पुसली आणि मग साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आत गेली. कोणी काही बोललं नाही. वॉर्डातल्या मावशींनी त्या दिवशी चौकट सोडून बाकीचं दार पुसलं.

अकराव्या रात्री दोन वाजता तिला हुडहुडी भरली. पलंगाच्या दांड्या वाजत होत्या. ताप १०२.४. सिस्टरनी दिवा लावला आणि काही न बोलता कल्चरच्या बाटल्या काढल्या. रक्तातला जिवाणू त्यात वाढवून ओळखतात. दोन बाटल्या शिरेतल्या नळीतून भरल्या, दोन दुसऱ्या हातातून. मगच औषध टोचलं. घड्याळाकडे बघून वेळ लिहिली. ताप आल्यापासून तासाच्या आत पहिला डोस गेलाच पाहिजे, हा तिथला नियम. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू झालं. पहाटे बीपी पडायला लागलं तेव्हा मेरोपेनेम चढवलं. मेरोपेनेम माझ्या मनात शेवटच्या फळीचं औषध होतं. आमच्या गावात ते फक्त दोन दवाखान्यांत जातं आणि ते गेलं की आम्ही आपसात हळू आवाजात बोलतो, पेशंट सिरियस आहे म्हणून. ते सुरू झालं म्हणताच मला धीर आला. तिला मात्र काहीच फरक पडत नव्हता. सकाळी सात वाजता तिला आयसीयूत हलवलं. बीपी धरून ठेवायला नॉरॲड्रेनालिन लावलं होतं आणि तिचे ओठ मातीच्या रंगाचे झाले होते. ती मला म्हणाली, "मामा, थंडी जात नाही." मी तिचे पाय चोळत राहिलो.

त्या दिवसांत मी मिळेल ते वाचत होतो. १९६६ साली जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णांचे काउंट आणि त्यांना होणारे संसर्ग शेजारी शेजारी मांडले. काउंट ५०० च्या खाली गेला की संसर्ग वाढतो, १०० च्या खाली तर फारच, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. तोवर कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायची पद्धत होती, आणि त्या दोनतीन दिवसांत रुग्ण हातचे जायचे. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी ताप येताच, रिपोर्टची वाट न बघता दोन प्रतिजैविकं एकदम सुरू करण्याचा अनुभव छापला. तेव्हापासून जगभर हेच चालतं. ल्युकेमियाची माणसं आज वाचतात ती नुसत्या कर्करोगाच्या औषधांनी वाचत नाहीत. मज्जा ओस असतानाचे ते तीन आठवडे प्रतिजैविकांनी तारून नेलेले असतात. न्यूट्रोफिल येईपर्यंत त्यांचं काम औषधानं करायचं.

पण हा सगळा डाव अंदाजावर चालतो. जिवाणू कोणता, हे माहीत नसताना पहिलं औषध द्यायचं असतं. अंदाज चुकला तर साधा माणूस दोन दिवस जास्त आजारी राहतो. एएनसी ४० असलेल्या मुलीकडे ते दोन दिवस नसतात.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. क्लेबसिएला न्यूमोनिए. खाली औषधांची यादी. ती यादी मला पाठ होती, कारण ती माझ्या फडताळाचीच यादी होती. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, आर. सिप्रोफ्लॉक्सासिन, आर. सेफ्ट्रिॲक्झोन, आर. ॲमिकासिन, आर. पिप-टॅझो, आर. मेरोपेनेम, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जिवाणू या औषधाला दाद देत नाही. तळाशी कोलिस्टिन, त्याच्यापुढेही सेन्सिटिव्हचा 'एस' नव्हता, मधलाच 'आय' होता. १९७० च्या दशकात मूत्रपिंडं बिघडवतं म्हणून बाजूला टाकलेलं हे औषध. दुसरं काही उरलं नाही म्हणून डॉक्टरांनी ते पुन्हा बाहेर काढलं.

संसर्गाचे डॉक्टर संध्याकाळी आले आणि कागदाच्या मागे चित्र काढून मला समजावलं. या जिवाणूकडे एनडीएम नावाचं एन्झाइम होतं. ते मेरोपेनेमसारखी औषधं फोडून टाकतं. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत ते पहिल्यांदा सापडलं. त्याआधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्याच्या नावात नवी दिल्ली आली. २०१० मध्ये त्या नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला होता. देशाची बदनामी केली म्हणून मीही काउंटरवर तावातावानं बोललो होतो, तेवढं मला आठवतं. जिवाणूबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

मग त्यांनी औषधांची जोडी सुरू केली. ॲझट्रिओनाम हे जुनं औषध एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जिवाणूजवळची दुसरी एन्झाइमं ते फोडतात. ती अडवायला सेफ्टाझिडिम-अविबॅक्टममधलं अविबॅक्टम. एकानं दार धरायचं, दुसऱ्यानं आत शिरायचं. या जोडीचा एका दिवसाचा खर्च माझ्या दुकानाच्या दिवसभराच्या गल्ल्यापेक्षा जास्त होता. ताईनं पाटल्या दिल्या, भाऊजींनी ऊस कारखान्याला जाण्याआधीच उचल घेतली. गावातली सहा पोरं प्लेटलेट द्यायला रात्रीच्या एसटीनं आली आणि सकाळी रांगेत बसली.

मी पिंपरीला मावसभावाकडे राहत होतो. बस जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं जायची आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर रोज दोनदा दिसायचा. १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला सरकारी कारखाना. वर्षभरात इथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या मोठ्या भावाला पायाला काटा लागला आणि आठवड्यात तो गेला. काटाच. मग 'पेन्शिलीन' आलं आणि तशी मरणं थांबली. आजोबा तो शब्द देवाच्या नावासारखा घ्यायचे. त्यांच्या भावाच्या काट्यापासून माझ्या भाचीच्या रिपोर्टपर्यंत एकाच घरातल्या चार पिढ्या होतात. मधल्या दोन पिढ्यांना औषधं लागू पडली. तेवढ्यात आम्ही ती अशी उधळली, जणू ती संपणारच नव्हती.

आयसीयूच्या पाचव्या दिवशी एक गोष्ट कळली, तिनं मला झोपू दिलं नाही. भरती होताना गुदमार्गातून स्वॅब घेतात. त्या वेळी घेतलेल्या स्वॅबचा रिपोर्ट फाइलमध्ये होता आणि त्यात हाच जिवाणू, याच ताकदीचा, आधीच नोंदवलेला होता. मी मनातल्या मनात रुग्णालयाला दोष देत होतो, इथल्या नळीतून आलं, इथल्या हातातून आलं. रुग्णालयांत असे जिवाणू असतात, एका पलंगावरून दुसऱ्यावर जातात, हे खरंच आहे. पण हा तिच्यासोबत आमच्या घरून आला होता. तिच्या आतड्यात राहत होता. केमोनं तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलून निघतं, आणि आतड्यातलं जे आतड्यातच राहायला हवं ते रक्तात उतरतं.

घरून म्हणजे कुठून? पाण्यातून, ओढ्यातून, भाजीवर मारलेल्या सांडपाण्यातून, कोंबडीतून, कोणाच्याही हातातून. याचं उत्तर कोणतीही लॅब देणार नाही. पण तो आल्यावर त्याला जागा कोणी करून दिली, हे मला ठाऊक आहे.

रान नांगरून, तण काढून मोकळं टाकलं आणि पेरलं नाही, तर तिथे सगळ्यात आधी गाजर गवत उठतं. ते आधीही बांधावर होतंच. बाकीचं उगवलेलं होतं म्हणून त्याला जागा नव्हती. आतड्यात असंख्य साधे जिवाणू दाटीवाटीनं राहतात आणि त्या दाटीमुळेच एखादा हटवादी फैलावू शकत नाही. सिफिक्झिमच्या चार गोळ्या साध्यांना मारतात. हटवाद्याला काही होत नाही, उलट रान मोकळं मिळतं. महिन्याभरात मी तिचं रान तीनदा साफ केलं होतं. शिवाय हे जिवाणू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर लिहिलेली ती चिठ्ठी या हातातून त्या हातात जाते. माझ्या दुकानातून गेलेली अर्धी स्ट्रिप ज्यानं घेतली त्याच्याच पोटात तिचा परिणाम थांबत नाही. आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या म्हातारीच्या पोटातही तो पोचू शकतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. दुकानात पेनिसिलिन कोणालाही मिळायला लागेल तेव्हाची. एका माणसाचा घसा दुखतो, तो पेनिसिलिन विकत घेतो, जंतू मरणार नाहीत पण शिकून तयार होतील एवढंच घेतो. ते तयार झालेले जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. जबाबदार कोण, असं विचारून फ्लेमिंग नवऱ्याकडे बोट दाखवतात. मी हे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मोबाइलवर वाचलं आणि परत वाचलं. त्या गोष्टीत दुकान आहे. दुकानदार नाही. त्याच्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही. तो कोण होता, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

माझ्यासमोर उभी राहणारी माणसं मूर्ख नसतात, हे मला इथे नीट सांगायचं आहे. रोजंदारी बुडवून, डॉक्टरची फी भरून, तीन तास बाकड्यावर बसणं तिला परवडत नाही, म्हणून ती बाई माझ्याकडे येते. जुलाबाला ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल मागते, कारण मागच्या वेळी मीच दिलं होतं. बहुतेक जुलाब मीठसाखरेच्या पाण्यावर आणि वेळेवर बरे होतात. पण पाण्याला कोणी औषध मानत नाही आणि ओआरएसच्या पुडीत मला मिळतं काय? तिला स्वस्तात बरं व्हायचं असतं, मला गिऱ्हाईक टिकवायचं असतं. आम्ही दोघं मिळून तिसऱ्याच कोणाचं तरी औषध संपवत होतो.

आमच्या तालुक्यात पोल्ट्रीच्या शेड आहेत. कोंबड्यांच्या पाण्यातून कोलिस्टिन दिलं जायचं, आजार नसतानाही, वजन भरावं म्हणून. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली. ते चांगलं झालं. पण त्याआधीच्या वर्षांत किती पिंपं त्या पाण्यात रिकामी झाली असतील, आणि ते पाणी पुढे कुठे गेलं असेल?

चोविसाव्या दिवशी एएनसी १२० आला. मग ३४०. मग ६१०. ताई आकडे वहीत लिहीत होती, अक्षर थरथरत होतं. औषधांनी तिला तोवर धरून ठेवलं होतं, पुढचं काम तिच्या स्वतःच्या पेशींनी केलं. ताप उतरला. मज्जेची तपासणी झाली, ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली. रेमिशन, म्हणजे आजार तूर्त आटोक्यात. ज्या दिवशी घरी सोडलं त्या दिवशी तिच्या शेजारच्या पलंगावरचा चौदा वर्षांचा मुलगा नव्हता. त्याच्या रिपोर्टवरही आरच होते. त्याची आई जाताना आमच्या ताईला उरलेला साबण आणि नवा थर्मामीटर देऊन गेली.

दुकानात परतल्यावर पहिल्यांदा मी एच-वन रजिस्टर काढलं. सिफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिनं, मेरोपेनेम, टीबीची औषधं, अशी ४६ औषधं १ मार्च २०१४ पासून या यादीत आहेत. विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, गोळ्यांची संख्या लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. वेष्टनावर लाल चौकट असते. ती चौकट मी रोज हाताळत होतो. मला भाचीच्या सिफिक्झिमची नोंद बघायची होती. नव्हती. घरच्या माणसाची कशाला लिहायची. त्या आठवड्याचं पान जवळजवळ कोरं होतं आणि खरेदीच्या बिलात त्याच आठवड्यात चार बॉक्स आले होते.

आता मी चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देत नाही, आणि चिठ्ठीवर पाच दिवस असतील तर दोन दिवसांच्या गोळ्या कापून देत नाही. पैसे कमी असतील तर राहिलेले लिहून ठेवतो. गल्ला उतरला आहे. परवा एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली, नाक वाहत होतं, ताप नव्हता. तिला मी वाफ सांगितली, सरकारी दवाखान्याची वेळ सांगितली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली आणि दोन मिनिटांत पिशवी घेऊन निघाली. समोरचा माणूस वाईट नाही. मी सतरा वर्षं जे केलं तेच तो करतोय. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही, बोलायचं आहे.

भाचीचे पुढचे डोस चालू आहेत. प्रत्येक डोसनंतर काउंट पुन्हा पडतो, म्हणजे तेच ओस पडलेलं रान पुन्हा, आणि तो जिवाणू अजून आतड्यात असू शकतो. तिच्या डिस्चार्ज कार्डावर लाल शाईत लिहून दिलं आहे, ताप आल्यास आधी कल्चर, मग अमुक औषधं, अमुक मात्रेत, आणि लगेच निघा.

काल रात्री पावणेदहाला ताईचा फोन आला. १००.८. "तुझ्याकडचं काही देऊ का तोवर?" मी म्हटलं, काही नको, पॅरासिटामॉलसुद्धा नको, कार्ड घेऊन तयार राहा. शटर ओढलं. फोनवर डॉक्टरांशी बोलून आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कल्चरच्या बाटल्या मी महिन्यापूर्वीच तिथे आणून ठेवल्या होत्या. तिथल्या सिस्टरना मी म्हटलं, आधी बाटल्या. त्यांनी आधी बाटल्याच भरल्या. पहिला डोस साडेदहाला गेला. मग गाडी पुण्याकडे. ती मागच्या सीटवर ताईच्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि हडपसर येईपर्यंत दोघीही बोलल्या नाहीत.

आता सकाळचे अकरा वाजलेत. ताप शंभरावर आहे, बीपी ठीक आहे. बाटल्या मशीनमध्ये आहेत. रिपोर्ट परवा.